मालकीणबाईंची पाहणी

बँकेच्या मॅडम पाहणीला येणार म्हणून भवानीचे थोरले दीर गिरिधर अण्णा यांनी सकाळपासून तिची उजळणी चालवली होती.

"फर्मचं नाव?"

"भवानी रूफिंग वर्क्स."

"मालक कोण?"

"मी."

"असं खाली बघून 'मी' नको म्हणूस. वर बघून म्हण."

भवानीनं वर बघितलं. वर पत्रा होता. माधवरमच्या या शेडचं छप्पर तिच्या सासऱ्यांनी, सेतुमाधव रावांनी, स्वतः उन्हात उभं राहून बसवून घेतलं होतं. आता मेच्या कत्तिरी उन्हात, वर्षातल्या सगळ्यात कडक दिवसांत, ते तापून कडकड आवाज करत होतं आणि खालचा पंखा गरम हवाच एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात ढकलत होता.

"मी," भवानी म्हणाली.

"आता बरं," अण्णा म्हणाले, आणि शर्टाच्या बाहीनं कपाळ पुसलं.

एक काळ असा होता की अण्णांना बँकेचे लोक या शेडमध्ये येऊन भेटत. उत्तर मद्रासेतल्या अर्ध्या कारखान्यांची छपरं आपण घातली, असं ते म्हणायचे, आणि त्यात फारशी फुशारकी नव्हती. मग गुम्मिडिपूंडीचं ते काम आलं. मोठी शेड, मोठं बिल, आणि काम संपत आलं असताना कारखानाच बंद पडला. मालक गायब, बिल बुडालं, त्या कामासाठी काढलेलं बँकेचं कर्ज थकलं. त्याच छपरावर भवानीचा नवरा सुंदर उजेडासाठी बसवलेल्या फायबरच्या पत्र्यावर चुकून पाय देऊन खाली कोसळला होता. कमरेचं हाड जुळलं, पण चालताना डावा पाय ओढत राहिला. तेव्हापासून तो शिडी चढला नव्हता.

जुन्या फर्ममध्ये दोघे भाऊ भागीदार, त्यामुळे थकबाकीदार म्हणून दोघांचीही नावं बँकेच्या संगणकात लाल झाली होती. आणि आता कोवलमच्या मच्छीमार संघानं मासळी लिलावाच्या शेडचं काम देऊ केलं होतं. पत्रा विकत घ्यायला पैसा नव्हता, आणि पत्रा जागेवर वाकवायचं यंत्र घेतल्याशिवाय ते काम परवडणार नव्हतं.

सरकारच्या हमीवर लहान धंद्यांना कर्ज मिळतं, हे अण्णांच्या मुलीनं, नित्यानं शोधून काढलं. ती शोळिंगनल्लूरला आयटी कंपनीत होती. "अप्पा, घर गहाण टाकायला नको. कर्ज बुडालं तर मोठा वाटा सरकार बँकेला भरून देतं. फक्त ज्याच्या नावावर कर्ज, त्याचा रेकॉर्ड स्वच्छ हवा. बाई असेल तर अजून सोपं." जेवणाच्या पानांवर सगळ्यांच्या नजरा भवानीकडं वळल्या होत्या. ती त्या वेळी रसम वाढत होती.

सही करण्यापलीकडं तिचं काही काम नव्हतं, असं सगळे म्हणाले. पण पाटी लागली, आणि सुंदरबरोबर ती दोनदा कोवलमला गेली. तिथल्या बायकांनी तिला 'ओनरम्मा', मालकीणबाई, म्हणून हाक मारली. पहिल्यांदा ती मागं वळून बघत राहिली, कोणाला बोलावतात म्हणून. दुसऱ्यांदा वळली नाही. पश्चिम मांबळमच्या शाळेत फीच्या खिडकीमागं वीस वर्षं बसलेल्या, सुंदरच्या आजारपणात ती नोकरी सोडलेल्या भवानीच्या मनात तेव्हापासून काहीतरी हललं होतं. तिनं ते कोणाला सांगितलं नव्हतं.

"गाडी आली," नित्या दारातून म्हणाली.

बँकेच्या मॅडम पस्तिशीच्या आसपासच्या, सुती कुर्ता, खांद्याला लॅपटॉपची पिशवी. कार्ड त्यांनी भवानीच्या हातात दिलं, पण ते वाचलं अण्णांनी. "प्राची मिश्रा. वेलकम, मॅडम, वेलकम." मग मान न वळवता मराठीत, "उत्तरेकडची आहे. बरंच झालं. आपण आपलं बोलून घेऊ शकू."

तंजावरहून आलेल्या या घराला ही सवय पिढ्यांची. बाहेर तमिळ, कागदाला इंग्रजी, आणि चारचौघांत एकमेकांना काही सांगायचं असलं की मराठी. जॉर्ज टाउनच्या पत्र्याच्या बाजारात सेतुमाधव राव गिऱ्हाइकासमोर उभे राहून मुलांना मराठीत भाव सांगत, आणि समोरच्याला पत्ता लागत नसे. ही भाषा म्हणजे घराची आतली खोली होती.

मॅडमनी शेड फिरून पाहिली. पत्र्यांचा साठा पाहिला, पाटीचा मोबाइलवर फोटो काढला, सुंदरच्या चालण्याकडं एकदा पाहून नजर दुसरीकडं वळवली. मग टेबलाशी बसल्या. इंग्रजीत, शब्द सुटे सुटे करून, त्यांनी विचारायला सुरुवात केली.

"धंद्याचा अनुभव किती?"

"टू जनरेशन्स," अण्णा म्हणाले.

"मी मॅडमना विचारतेय."

अण्णा हसले. "सांग, शाळेतली नोकरी सोडल्यापासून हिशेब तूच बघतेस म्हणून," ते मराठीत म्हणाले. भवानीनं तसं इंग्रजीत सांगितलं. खोटं नव्हतं ते. बिलं ती बघतच होती.

तेवढ्यात विजयालक्ष्मी अक्का कापीचे, फिल्टर कॉफीचे, टंबलर घेऊन आली. ही दोघा भावांची थोरली बहीण. नवऱ्यामागं तांबरमला एकटी राहायची, शाळेतून निवृत्त झालेली. कर्जासाठी आपल्या पदरचा काही भाग घालावा लागतो, तो अक्कानं आपल्या ठेवीतून द्यायचं कबूल केलं होतं. म्हणून आज ती मुद्दाम बस बदलत आली होती. टंबलर ठेवता ठेवता ती भवानीच्या कानाशी लागली, पण तिचा हळू आवाजही टेबलापलीकडं जायचा.

"अग, तीस त्या खुर्चीवर कोणी बसवलं? मागला पाय खिळखिळा आहे. रेलली की पडेल बया."

मॅडम नुकत्याच पाठ टेकायला मागं सरत होत्या. त्या थबकल्या, सावरल्या, आणि खुर्चीच्या पुढच्या कडेवर येऊन ताठ बसल्या.

भवानीनं ते पाहिलं.

योगायोग असेल, तिनं स्वतःला सांगितलं. कोणालाही खुर्ची हललेली कळते. तिनं बाकीच्यांकडं पाहिलं. अण्णा कोटेशनचे कागद लावत होते, सुंदर जमिनीकडं बघत होता, नित्या फोनमध्ये होती, अक्का रिकामं तबक घेऊन वळली होती. कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

"हे यंत्राचं कोटेशन," मॅडम म्हणाल्या. "पुरवठादाराला ॲडव्हान्स दिलाय?"

"नॉट येट, मॅडम. लोन आलं की लगेच," अण्णा म्हणाले आणि सुंदरकडं झुकून तशाच हसऱ्या चेहऱ्यानं मराठीत बोलले, "यंत्राचं पुढं बघू. पैसा हातात पडला की आधी शेठचं तोंड बंद करायचं. निम्मं तरी त्यास टाकू. कोवलमचं काम तोवर भाड्याच्या यंत्रावर ओढू."

मॅडमचं पेन कागदावर होतं. ते थांबलं. अगदी क्षणभर. मग पुन्हा चालू झालं.

मॅडमना मराठी कळत होती; आता भवानीला शंका राहिली नाही. आणि त्याच वेळी दुसरी गोष्टही डोक्यात उतरली. शेठचं तोंड. कसलं तोंड? जॉर्ज टाउनच्या शेठचे जुन्या पत्र्याचे पैसे राहिलेत एवढं तिला ठाऊक होतं. पण तिच्या नावावर निघणारं कर्ज त्यांना द्यायचं, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिनं सुंदरकडं पाहिलं. सुंदरनं मान वर केली नाही.

त्याला माहीत होतं.

"अण्णा," ती हळूच म्हणाली, "आत्ता नको."

"का नको? तीस काय कळतंय? बिहारकडची दिसते." अण्णांनी मॅडमकडं बघून अदबीनं मान हलवली. "आमची भवानी जरा घाबरलीये, मॅडम," हे इंग्रजीत.

"घाबरू नका," मॅडम भवानीला म्हणाल्या. चेहऱ्यावर काही नव्हतं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "शेवटचा प्रश्न. हा मी प्रत्येकाला विचारते आणि उत्तर अर्जदाराकडूनच घेते. या कर्जाची सगळी रक्कम यंत्रासाठी आणि कोवलमच्या कामासाठीच वापरली जाईल ना? कुठलंही जुनं देणं त्यातून फेडलं जाणार नाही?"

"होय म्हण," अण्णा मराठीत म्हणाले. "एकच शब्द. होय."

पत्रा वर कडकडला. सगळे भवानीच्या तोंडाकडं बघत होते.

होय म्हटलं तर समोरच्या बाईला ते खोटं आहे हे कळणार होतं. नाही म्हटलं, तेही इंग्रजीत, तर परक्या बाईसमोर घरच्या थोरल्या माणसाच्या तोंडावर मारल्यासारखं. आणि मराठीत बोललं तर? मराठीत बोललं तर अण्णांना वाटणार की घरातलं बोलणं घरात राहिलं. आणि जिनं ऐकायचं ती ऐकणार. भवानीला हे सगळं एका दमात सुचलं. आपण काय करतोय हे तिला पुरतं कळत होतं.

ती अण्णांकडं वळली.

"अण्णा, मज हे आधी सांगायचं होतं," ती मराठीत म्हणाली. आवाज वाटला त्याहून स्थिर निघाला. "सही माझी. नाव माझं. उद्या हप्ता चुकला तर बँक माझ्या दारी येणार. आणि पैसा शेठकडं जाणार, हे मज इथं, हिच्यासमोर बसून कळतं?"

"घरी बोलू," अण्णा दातांतून म्हणाले आणि मॅडमना, "वन मिनिट, मॅडम. फॅमिली मॅटर."

"टेक युअर टाइम," मॅडम म्हणाल्या.

"घरी नाही. इथंच," भवानी म्हणाली. "गुम्मिडिपूंडीला हेच झालं. एका कामाचा पैसा दुसऱ्या खड्ड्यात घातला, आणि दोन्हीकडून बुडालो. मी होय म्हणणार नाही. यंत्र येणार असेल तर मी मालक. नसेल, तर ती बाहेरची पाटी उतरवा आणि मज घरी जाऊ द्या." मग तिनं नवऱ्याकडं पाहिलं. "तुम्हांस ठाऊक होतं ना?"

"अण्णा सांगणार होता तुज," सुंदर म्हणाला.

"भवानी," अक्का पुढं आली, "परक्या माणसापुढं हे काय चाललंय? गिरीनं काही विचार करूनच ठरवलं असेल. आधी हो म्हण, मग भांडा हवं तेवढं. माझी ठेव मी त्याच्या शब्दावर मोडतेय."

"चित्ती, अप्पा, प्लीज," नित्या काकूला आणि वडिलांना म्हणाली. "शी इज वेटिंग."

मॅडमनी फाइल मिटली. पिशवीची चेन ओढली. आणि मग, कुठलाही आव न आणता, स्वच्छ मराठीत म्हणाल्या,

"मला थोडं पाणी मिळेल का?"

अक्काच्या हातातलं तबक खाली पडलं आणि सिमेंटवर गरगरत राहिलं. अण्णांचा चेहरा आधी कोरा झाला, मग कानापासून लाल होत गेला.

भवानीच उठली. माठातलं पाणी ओतून तिनं मॅडमना दिलं. त्या पाणी प्यायल्या.

"मी अमरावतीची," त्या म्हणाल्या. "मिश्रा सासरचं नाव. आल्या आल्या सांगायला हवं होतं, चूक झाली. पण तुमची मराठी ऐकली आणि ऐकतच राहिले. 'मज', 'तुज' म्हणणारी माणसं मी फक्त पोथीत वाचली होती. मग तुम्ही पैशाबद्दल बोललात, आणि मग सांगायचं कसं ते कळेना."

"मॅडम," अण्णांनी कसंबसं सुरू केलं, "ते आम्ही आपलं सहज..."

"काका, मी घरातलं भांडण लिहीत नसते. पण पैसे कुठं जाणार ते मी ऐकलंय. ते ऐकलंच नाही असं मला करता येत नाही." त्या भवानीकडं वळल्या. "हा अर्ज मी पुढं पाठवू शकत नाही. पाहणी अपुरी राहिली म्हणून परत करते. तुम्हाला खरंच धंदा चालवायचा असेल तर नवीन अर्ज करा. खात्यावर सही तुमच्या एकट्याची. यंत्राचे पैसे बँक थेट विकणाऱ्याला देईल, तुमच्या हातात येणारच नाहीत. कोवलमचं बिल त्याच खात्यात. जुन्या फर्मचं कोणी व्यवहारात नको. जमणार असेल तरच या. नाहीतर उगाच दोघींचा वेळ जाईल."

त्या गेल्या. गाडीचा आवाज विरला.

मग अण्णांनी मॅडमची रिकामी खुर्ची इतकी जोरात सरकवली की तिचा मागचा पाय तुटून पडला. त्या तुटक्या पायाकडं बघत ते उभे राहिले, आणि भवानीनं पाहिलं, त्यांना काहीतरी उमगत होतं. अक्काचं बोलणं त्यांनीही अर्धवट ऐकलंच होतं, आणि त्यामागून भवानीचं 'आत्ता नको'ही.

"तुज ठाऊक होतं," ते म्हणाले.

भवानी नाही म्हणू शकली असती. कोणी काही सिद्ध करू शकलं नसतं.

"हो," ती म्हणाली.

"तीस मराठी कळतं हे ठाऊक असून बोललीस. तीस ऐकवायला बोललीस."

"हो."

"अय्यो, भवानी!" अक्का मटकन बाकावर बसली.

"आमच्या भाषेत!" अण्णांचा आवाज फाटला. "इंग्रजीत बोलून माझी अब्रू घेतली असतीस तर एक वेळ समजलो असतो. आमच्या भाषेत बोललीस आणि बाहेरच्यास विकलंस. माझे अप्पा असते तर..."

"अप्पा असते तर त्यांनी माझ्यापासून लपवलं नसतं."

"लपवलं?" अण्णा एकदम तिच्या समोर आले. "मग ऐक, काय लपवलं ते. सुंदरा, सांगतोस का मी सांगू?"

"अण्णा, राहू दे," सुंदर म्हणाला.

"का राहू दे? तीस मालक व्हायचंय, तर सगळं कळू दे." ते भवानीकडं वळले. "हा पडला तेव्हा विमा कुठं होता? बँकेत काय होतं? हॉस्पिटलवाले ऑपरेशनच्या आधी पैसे भरा म्हणत होते. मी त्या दुपारी जॉर्ज टाउनला पळत गेलो. शेठचे आधीचेच राहिले होते, तरी त्या माणसानं गल्ला उघडून दिला. कागद नाही, सही नाही. तुझ्या नवऱ्याचं हाड त्या पैशानं जुळलंय. पत्र्याचं देणं मी वर्षभर टोलवलं असतं. हे कसं टोलवू? आता त्याचा मुलगा दुकानावर बसतो, तो रोज फोन करतो. मी काय तोंड दाखवू?"

हॉस्पिटलचं बिल अण्णांनी भरलं एवढंच भवानीला ठाऊक होतं. अण्णांनी वहिनींच्या बांगड्या मोडल्या असतील, असं तिनं तेव्हा धरलं होतं, आणि पुढं कधी विचारलं नव्हतं. ती सुंदरकडं बघत राहिली.

"मीच नको म्हटलं होतं सांगू," सुंदर म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "तू नोकरी सोडलीस, माझं सगळं काढलंस. वर हेही कशास?"

"तुम्ही दोघांनी मिळून ठरवलं, मज काय कळायला हवं आणि काय नको," भवानी म्हणाली. तिला रागही आला होता आणि लाजही वाटत होती, आणि कशाला आधी जागा द्यावी ते कळत नव्हतं. "सही करायला मात्र मी."

"आता कळलं ना?" अक्का म्हणाली. "मग दुसरीकडून कुठून कर्ज काढून..."

"नाही, अक्का."

"काय नाही?"

"शेठचं देणं माझं आहे. आज कळलं, आजपासून माझं. मी स्वतः जाऊन त्यांस भेटेन. पण या कर्जातून नाही. काम करून, बिल आलं की त्यातून. ते नाही म्हणाले तर त्यांच्या दुकानावर बसून बिलं लिहीन. ते मज येतं."

अण्णा हसले, पण ते हसू नव्हतं. "आणि मी? 'जुन्या फर्मचं कोणी व्यवहारात नको.' अप्पांच्या शेडमध्ये मी कोण? वॉचमन?"

भवानीनं उत्तर शोधलं, पण समोर उभ्या माणसाला दुखावणार नाही असं एकही उत्तर खरं नव्हतं.

"अप्पा," नित्या इतका वेळ भिंतीशी उभी होती. तिची मराठी अडखळत आली. "माझं नाव... माझंही क्रेडिट तुम्ही वापरलं असतं, मी हो म्हटलं असतं. मला... कोणी विचारत नाही, पैसे कुठं जाणार. चित्तीनं विचारलं." आणि मग तमिळमध्ये, कारण पुढचं तिला मराठीत येत नव्हतं, ती म्हणाली की नवा अर्ज ती भरणार आहे, भवानीच्या बाजूला बसून.

पोटच्या मुलीकडं अण्णांनी असं पाहिलं, जसं मघाशी मॅडमनी पाणी मागितलं तेव्हा पाहिलं होतं. मग खुंटीवरचा, उन्हात डोक्यावर घ्यायचा जुना टॉवेल खांद्यावर टाकून ते उन्हात निघून गेले. अक्का त्यांच्या मागून गेली. जाताना दारात थांबून एवढंच म्हणाली, "माझी ठेव मी कोणासही देत नाही आता. आधी तुम्ही एकमेकांशी बोला."

अक्काची ठेव गेली तसं कर्जही लहान झालं. नव्या अर्जात यंत्र जुनं, दुसऱ्याच्या हातून घेतलेलं, आणि पत्रा फक्त कोवलमपुरता. मंजुरीला पावसाळा उलटला नाही एवढंच नशीब. आपला हिस्सा म्हणून भवानीनं शाळेतून मिळालेला फंड घातला. त्याआधी ती सुंदरला घेऊन जॉर्ज टाउनला गेली होती. शेठच्या मुलानं त्यांना बराच वेळ बाकावर बसवून ठेवलं, गिरिधर राव का आले नाहीत म्हणून तीनदा विचारलं. शेवटी आतून म्हातारे शेठ स्वतः काठी टेकत आले, सुंदरला उठून चालून दाखवायला लावलं, आणि "कामाचं बिल आलं की या" म्हणून परत आत गेले.

अण्णा माधवरमला यायचे बंद झाले होते. वहिनी फोनवर बोलायच्या, पण धंद्याचं नाव निघालं की कुकरची शिट्टी झाली म्हणून ठेवून द्यायच्या. नवरात्रात गोलू, पायऱ्यांवर मांडलेली बाहुल्यांची आरास, बघायला अण्णांच्या घरी भवानी गेली तेव्हा ते आतल्या खोलीत झोपले होते, असं सांगण्यात आलं.

आणि कोवलमला पत्रा चढायला लागला त्या सकाळी ते आले.

भवानीला आधी दिसलेच नाहीत. सुंदर स्क्रू कमी पडले म्हणून केळंबाक्कमला गेला होता, आणि ती किनाऱ्यावर संघाच्या सेक्रेटरीशी बोलत होती. होड्या नुकत्याच लागल्या होत्या, बायका टोपल्या भरत होत्या, कावळ्यांचा आणि लिलावाचा गलका चालला होता. त्या गलक्यातून एक ओळखीचा आवाज आला, वर छपराकडं तोंड करून तमिळमध्ये ओरडणारा.

"समुद्राकडून कोणी सुरू करायला सांगितलं रे? पत्र्यावर पत्रा चढतो त्या जोडाची तोंडं वाऱ्याकडं येतात! एक वादळ आलं की एकेक पत्रा सोलून निघेल!"

ती धावत गेली. अण्णा बसस्टँडवरून उन्हातून चालत आलेले, शर्ट अंगाला चिकटलेला. कामगारांनी लॉरीतून पत्रा उतरला त्याच टोकापासून बसवायला घेतला होता. दोन ओळी झाल्याही होत्या.

"उतरवा!" अण्णा ओरडले. "जमिनीच्या टोकापासून लावत या!"

वरची माणसं जागीच थांबली. त्यातला थोरला, सेतुमाधव रावांच्या वेळेपासून या घरासाठी छपरं चढणारा, त्यानं अण्णांना ओळखलं, हात जोडले. पण हात जोडून झाल्यावर त्यानं बोल्टचा पाना तसाच धरला आणि खाली भवानीकडं पाहिलं. बाकीच्यांनीही तिच्याकडंच पाहिलं.

अण्णांनी ते पाहिलं.

भवानीला वाटलं, आता हे वळून निघून जातील, आणि या वेळी कायमचे. तिला त्या दोन ओळी दिसत होत्या, अर्धा दिवस वाया जाणारा दिसत होता, भाड्यानं आणलेली क्रेन दिसत होती. आणि वारा दिसत होता, जो खरंच समुद्राकडून येत होता.

अण्णांनी खिशातून रुमाल काढला, मान पुसली. मग छपराकडं पाठ फिरवून तिच्यासमोर उभे राहिले. मराठीत म्हणाले, पण कुजबुजत नव्हे, कोणीही ऐकावं अशा आवाजात,

"दोन ओळी उलटवाव्या लागतील. खर्च येईल तुज. उलटवू का?"

या माणसानं तिला आजवर कधी काही विचारलं नव्हतं. वर माणसं उन्हात खोळंबली होती.

"उलटवा, अण्णा," ती म्हणाली.

त्यांनी मान हलवली, धोतराचा सोगा खोचला आणि वरच्या माणसांना हाक दिली, "ओनरम्मा हो म्हणतात. खोला!"